सबब चालणार नाही अशी हवा

साठाव्या वाढदिवसाला कुठे जायचं, यावर आमच्या घरात जूनपासून चर्चा चालू होती. वाढदिवस माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, नोव्हेंबरात. चर्चा मात्र इतर सगळे करत होते. थोरल्या जाऊबाई म्हणत होत्या, साठीची शांत करा, होम करा, शंभर पान उठू दे. बंगळूरचा मुलगा म्हणत होता, कूर्गला या, बुकिंग मी करतो. आणि श्रीकांत म्हणत होता, कुठेही नको, घरीच बरं आहे.

हे ‘घरीच बरं आहे’ मी अकरा महिने ऐकत होते. गेल्या डिसेंबरात त्याची बायपास झाली. शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता रोज पाऊण तास चालायचं, थोडा चढही चालेल. जमीनमोजणीच्या नोकरीत हा माणूस सगळं आयुष्य रानोमाळ हिंडला. निवृत्तीनंतरही दर रविवारी कुठला तरी डोंगर चढून यायचा. पण हॉस्पिटलातून आल्यापासून गल्लीच्या टोकाच्या डेअरीपलीकडे त्याने पाऊल टाकलं नव्हतं. एप्रिलात म्हणाला, ऊन फार आहे. जुलैत म्हणाला, निसरडं झालंय. सप्टेंबरात म्हणाला, हवा कुंद आहे. सांगलीत माझी रक्ततपासणीची लहानशी लॅब आहे. पंचवीस वर्षं मी लोकांचे रिपोर्ट बघते. त्याचे सगळे आकडे जागच्या जागी होते. तो घाबरला होता, एवढंच. आणि घाबरलोय असं म्हणायची त्याची तयारी नव्हती. असंच चालू राहिलं तर हा माणूस साठीतच खुर्चीला चिकटेल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून जागा निवडायचं काम मी माझ्याकडे घेतलं. अट एकच ठेवली: तिथल्या हवेबद्दल सबब सांगता येता कामा नये. हिमाचल बाद, कारण उंची आणि थंडी. महाबळेश्वर बाद, कारण पहाटेचा गारठा आणि ‘छातीत वारं शिरतं’ म्हणायची सोय. गोवा दमट. राजस्थान लांब. कूर्गला चढ-उतार ठीक, पण मोठं हॉस्पिटल किती तासांवर, ते मुलाला सांगता येईना. मी एक वही केली. सकाळचं तापमान, दुपारचं तापमान, पावसाची शक्यता, हॉस्पिटलचं अंतर. एकेक नाव खोडत गेले.

शेवटी उरलेली जागा माझ्या वहीत आधी नव्हतीच. ती फोनवर आली. नीला माझी लॅबच्या कोर्सपासूनची मैत्रीण. ती कर्जतची, घराणं तिथलंच, चार पिढ्यांचं. तिच्या सासरची थोडी शेती शेजारच्या खालापूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि तिथे दोन खोल्यांचं घर आहे.

“आमच्याकडे ये की,” ती म्हणाली. “पण ऑक्टोबरात नको, शिजून निघशील. दिवाळी होऊ दे. मग सकाळ-संध्याकाळ अशी हवा असते की पंखाही नको आणि शालही नको.”

पंखा नको, शाल नको. मी वही मिटली.

कर्जत

सांगलीहून येताना पुण्याच्या पुढे घाट उतरला की कर्जत. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नीला स्टेशनावर घ्यायला आली होती. तिथे वडा खावा लागतो, तो आम्ही खाल्ला. आमच्याकडच्या मानाने तिखट कमी, लसूण भरपूर. श्रीकांतने अर्धा खाऊन उरलेला माझ्याकडे दिला आणि नीला आपल्याकडे बघत नाही ना, याची खात्री केली. ती बघतच होती.

“काय हो, भूमापक साहेब, अर्ध्या वड्यात भूक मोजून झाली?”

नीला अशीच बोलते. तिच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. दुकानावरच घर, आणि घरात शनिवार-रविवारच्या गर्दीबद्दल कायमची तक्रार. “मुंबईची माणसं शनिवारी आमच्याकडे विश्रांती घ्यायला येतात,” ती म्हणाली, “आणि सोमवारी आम्ही त्यांची विश्रांती झाडून काढतो.”

आम्ही आलो तो मंगळवार होता. गाव शांत, हवा सांगितल्यासारखी. संध्याकाळी उल्हास नदीपर्यंत चालत जाऊ, असं मी सुचवलं. दहा मिनिटांचं अंतर, सपाट रस्ता. श्रीकांत म्हणाला, प्रवासाचा शीण आहे. प्रवास एवढाच की हा सहा तास खिडकीपाशी बसला होता. मी नीलाबरोबर जाऊन आले.

जेवायला बसल्यावर पहिला फरक दिसला. आमच्याकडे भाकरी आधी, भात शेवटी, पोटात जागा उरली तर. इथे पानात आधी भातच येतो, आणि पोळी हवी का, असं मागून विचारतात. वालाचं बिरडं होतं, ओलं खोबरं घातलेलं. मी सांगलीहून शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती नीलाच्या नवऱ्याने भाताबरोबर खाल्ली आणि तीन वेळा पाणी प्याला.

पायथ्याचं गाव

गावाचं नाव मी देत नाही. का, ते पुढे कळेल. कर्जतहून रिक्षाने पाऊण तास, खालापूरच्या हद्दीत, शेवटचं मैलभर कच्चं. मागे सह्याद्रीची भिंत, समोर पश्चिमेला माथेरानचा सपाट माथा आणि डावीकडे इर्शाळचं टोक. मधल्या सगळ्या खाचरांत भात पिवळं झालेलं. शरद ऋतूत कुठे जावं, असं विचारणाऱ्यांना मी हे दृश्य जरूर सुचवेन. पण त्याच पिवळ्या रंगाचा अर्थ मला कळला नव्हता, हेही सांगायला हवं.

नीलाच्या घराची व्यवस्था सुरेखा बघते. चाळिशीची, कुणब्याची, जवळच राहते. जेवण तीच करते. मी तिला आल्या आल्या सांगितलं, उद्या सकाळी वाट दाखवायला एक माणूस हवा, आम्हाला वरच्या ठाकरवाडीपर्यंत चालायचं आहे. नीलाला मी महिनाभर आधीच कळवलं होतं, आणि ती ‘मिळेल की’ म्हणाली होती.

सुरेखा हसायलाच लागली. “वाटाड्या? आता? ताई, अख्खा गाव भातात हाय. माझा नवरासुदिक पाटेला जातो तो अंधारानं येतो. म्हातारी-कोतारी पन बांधावर बसून पाखरं हाकलतात.”

“दिवाळीनंतर शेतीची कामं संपतात ना?”

“कुठं?”

मी तापमान बघितलं, पाऊस बघितला, हॉस्पिटल बघितलं. भात बघितलं नाही. आमच्याकडे ऊस. ऊसतोडीला बाहेरून टोळ्या येतात, आणि गाव आपलं पारावर बसून असतं. पीक कापायला गावच्या गाव रिकामं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. श्रीकांतच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदा समाधान दिसलं.

“माणूस नाही तर अनोळखी वाटेला जाणं बरोबर नाही,” तो म्हणाला आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसला.

नवीन सबब, आणि तीही मी पुरवलेली. मी वैतागून स्वयंपाकघरात गेले. सुरेखा तांदळाच्या भाकऱ्या करत होती. तीस वर्षं ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या आहेत, म्हणून मी म्हटलं, बाजूला हो, मी करते. पहिली भाकरी परातीतच फुटली. दुसरी तव्यावर टाकताना तीन तुकडे झाले.

“ताई, ही काय तुमची ज्वारी नाय,” सुरेखा म्हणाली. “हिला मारून चालत नाय, हिची समजूत काढायला लागते. उकड नीट मळा, पान्याचा हात लावा, घाई करू नका.”

तिसरी कशीबशी गोल झाली. ती श्रीकांतच्या ताटात वाढली. तो म्हणाला, ही कुठल्या गावाचा नकाशा आहे?

ठमीबाई

त्याच दिवशी दुपारी चारला ठमीबाई आली. वरच्या वाडीतली, ठाकर. वय सत्तरीच्या आगेमागे असावं; तिला विचारलं तर म्हणाली, मोजलं नाय. वजन फार तर चाळीस किलो. सुरेखाच्या शेतात कापणीला आली होती आणि तिथे तिला कळलं होतं की घरात मोजणीवाला साहेब उतरलाय. ओसरीच्या पायरीवर बसून तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

“सायेब, यो कागूद बगा. माझ्या सासऱ्याचा हाय.”

श्रीकांतने कागद घेतला आणि चष्मा शोधायला लागला. माझ्या लक्षात आलं, अकरा महिन्यांत त्याने औषधाच्या चिठ्ठीशिवाय दुसऱ्या कुठल्या कागदासाठी चष्मा शोधला नव्हता. जुना हाताने काढलेला नकाशा होता. इकडच्या डोंगरउतारांवर ठाकर-कातकऱ्यांना नाचणी-वरी पिकवायला पूर्वी जमिनीचे तुकडे दिले गेले. त्यांना दळी म्हणतात. त्यातला हा एक तुकडा. बाजूंची लांबी साखळ्यांत लिहिलेली.

भानगड अशी होती. तिच्या तुकड्याला लागून दोन वर्षांपूर्वी कुणीतरी फार्महाऊस बांधलं आणि तारेचं कुंपण घातलं. ठमीबाईचं म्हणणं, कुंपण तिच्या जमिनीत शिरलंय आणि कोपऱ्यावरचा सासऱ्याने पुरलेला दगड गायब झालाय.

“कुणाला दाखवलं?” श्रीकांतने विचारलं.

“तिगा पुढाऱ्यांना दाखवलं. तिगांनी पन गाडीतनंच बगितलं. गाडी वर जात नाय.”

“नकाशा तर स्पष्ट आहे.”

“कागूद बगून जमीन कळली हाय कुनाला? वर या, म्हंजे कळंल.”

“लांब आहे का?”

“छ्या. हे काय, हितंच.”

तो उठला. मी फक्त पाण्याची बाटली आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या पिशवीत टाकल्या आणि दहा पावलं मागून निघाले.

‘हितंच’ म्हणजे पन्नास मिनिटं निघाली. ठमीबाई अनवाणी, डोक्यावर गवताचा भारा, आणि वर गप्पा चालू. श्रीकांत सात वेळा थांबला. दम लागला असं एकदाही म्हणाला नाही. एकदा आईनाच्या झाडाची साल बघितली, एकदा माथेरानचा माथा किती सपाट आहे हे मला दाखवलं, एकदा खाली चमकणाऱ्या द्रुतगती मार्गावरच्या गाड्या बघत बसला. पाचव्या थांब्यावर मी त्याचं मनगट धरलं. शंभरच्या थोडं वर.

“ठीक आहे,” मी म्हटलं.

“तुला काय कळतं?”

“मोजता येतं.”

ठमीबाई वरून ओरडली, “चला की रं सायेब! का त्या झाडाशी लगीन लावताय?”

तुकडा एका सपाट टेपाडावर होता. नाचणी कापून झाली होती, खुंट उरले होते. वाऱ्याला गवताचा वास. खालच्या बाजूचे दोन्ही दगड जागेवर होते, एक बांधाच्या टोकाला, दुसरा उंबराच्या मुळाशी. वरच्या बाजूला मात्र एकच दगड, आणि त्याच्या पुढे थेट तारेचं कुंपण. पलीकडे गवत, मग हिरवळ, मग कौलारू छपराचा बंगला. आठवड्याच्या मधला दिवस, त्यामुळे बंगला बंद.

श्रीकांतचा आवाज बदलला. तो कामावरचा आवाज मी विसरले होते. “आधी खालची बाजू. दोन्ही दगड शाबूत आहेत. ती नकाशाशी जुळली, की मग वरची बघू. नकाशा म्हणतो चार साखळ्या.”

“साखळी कुठाय?” ठमीबाई म्हणाली.

“साखळी लागत नाही मला. माझी बारा पावलं म्हणजे एक साखळी, तेहतीस फूट. कधी फरक पडला नाही. म्हणजे अठ्ठेचाळीस पावलं.”

दगडाला टाच लावून तो निघाला. मान ताठ, ओठ हलत होते. अठ्ठेचाळीसला थांबला. उंबर अजून लांब होता, चांगला वीस फूट. तो पुढे मोजत गेला. छप्पन्न.

परत आला. पुन्हा दगडाला टाच लावून निघाला. पुन्हा छप्पन्न.

“दगड कुणीतरी हलवलाय,” तो म्हणाला.

“दगूड नाय हालला. माझं लगीन झालं तवापासनं हितंच हाय.”

“मग नकाशा चुकीचा आहे. चार साखळ्या नाहीत ह्या. साडेचारच्या वर आहेत.”

ठमीबाई बांधावर उकिडवी बसली होती. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, पायांपासून वरपर्यंत, माणूस बैल बघतो तसं. “सायेब, राग मानू नका. दगूड जाग्यावर हाय, कागूद बी बरोबर हाय. तुमचं पाऊल आटलंय.”

तो खाली बसला. मी पाणी दिलं, ते प्याला. उतरताना तो कुठेच थांबला नाही. झाडं बघायचं नाटकही केलं नाही. घरी आल्यावर खुर्चीत बसून म्हणाला, “उद्या सकाळी निघू या. सांगलीला.”

“उद्या तुझा वाढदिवस आहे.”

“तो सांगलीतही असतो.”

“परतीची तिकिटं परवाची आहेत,” मी म्हटलं. “सुरेखाने उद्याचं जेवण ठरवलंय. परवा जाऊ.”

तो जेवला नाही. ‘भूक नाही’ म्हणाला. मला माझाच राग आला होता. हवा निवडली, चढ निवडला, आणि ज्या गोष्टीपासून हा माणूस अकरा महिने लपत होता, तीच एका परक्या बाईने त्याला आकड्यात मोजून दाखवली. आता हा सांगलीला गेला की डेअरीपर्यंतही जाणार नाही, असं मला वाटलं. पण बोलून काही उपयोग नव्हता. मी झोपले.

वाढदिवस

सकाळी साडेसहाला उठले तर शेजारची खाट रिकामी. टेबलावर त्याचा फोन, आणि फोनशेजारी गोळ्यांची डबी.

सुरेखा अंगण झाडत होती. “दादा कवाच वर गेलं. मी म्हटलं चा घेऊन जावा, तर म्हनाले, एक काम राहिलंय.”

“एकटा?”

“मंग काय, मला बोलावतायत?”

गोळ्या घेतल्या, चपला घातल्या आणि निघाले. घाबरले नव्हते, असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. वाट आदल्या दिवशी पाहिलेली होती. एक गोष्ट मात्र लक्षात आली नव्हती. आदल्या दिवशी तो सात वेळा थांबला, म्हणून मीही सात वेळा थांबले होते. आज थांबायचं कारण नव्हतं, आणि तिसऱ्या वळणावर माझाच श्वास वर आला. लॅबमध्ये दिवसभर स्टुलावर बसणारी बाई मी. वर्षभर नवऱ्याला चालायला सांगत होते, स्वतः कुठे चालले होते? एका दगडावर बसून स्वतःची नाडी बघितली. एकशे अडतीस. उठून पुढे गेले. हवा सुरेख होती, हे नोंदवून ठेवते. दव पडलेलं, खाली खाचरांवर धुकं, आणि अंगाला ना गार ना गरम.

टेपाडावर पोचले तर ठमीबाई बांधावर बसून मिश्री लावत होती. श्रीकांत बांधावरून उंबराकडे चालला होता. माझी चाहूल लागली तशी त्याने हात वर केला, बोलू नकोस म्हणून.

“चौपन्न, पंचावन्न, छप्पन्न.”

उंबराला हात लावून तो वळला. “पाचही वेळा छप्पन्न,” तो म्हणाला. चेहरा घामाने चमकत होता. “एकदाही पंचावन्न नाही, सत्तावन्न नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे आता चौदाची साखळी. पाऊल दोन फूट चार इंच. लहान झालंय, पण एकसारखं पडतंय. मोजायला तेवढं पुरतं.”

मी गोळ्यांची डबी पुढे केली. त्याने ती खिशात टाकली आणि म्हणाला, “तू बस. तुझा रंग बरा दिसत नाही.”

“बसा गं बाय,” ठमीबाई म्हणाली. “नवरा म्हातारा आनि धाप तुमाला.”

मग तो वरच्या बाजूला गेला. नकाशात सहा साखळ्या होत्या. “चौऱ्याऐंशी पावलं,” त्याने आधीच सांगितलं. शाबूत दगडाला टाच लावली, नजर लांबवर एका झाडाच्या शेंड्यावर रोखली आणि निघाला. आम्ही दोघी मागून. सत्त्याहत्तरला तार छातीशी आली. तो थांबला.

“सात पावलं आत,” तो म्हणाला. “अर्धी साखळी. साडेसोळा फूट.”

तिघांनी तारेतून आत बघितलं. गवताची पट्टी संपून हिरवळ सुरू होत होती. हिरवळीच्या कडेने शोभेसाठी पांढरा रंग दिलेले दगड ओळीने लावले होते, नारळाएवढे, गोल. ओळीत एकच दगड वेगळा होता. उंच, चौकोनी, अर्धा जमिनीत पुरलेला. त्यालाही रंग दिला होता आणि माथा सपाट म्हणून वर गुलाबाची कुंडी ठेवली होती.

ठमीबाईने दोन्ही हातांनी तार धरली. “त्यो बग! त्योच! माझ्या सासऱ्याच्या डोक्यावर कुंडी ठेवलीन मेल्यांनी!”

आणि ती हसायला लागली. हसता हसता तिने बंगल्याच्या दिशेने ज्या शिव्या घातल्या, त्या मी लिहू शकत नाही. मग एकदम तार वाकवून आत शिरायला निघाली.

“थांबा,” श्रीकांत म्हणाला. “हात लावायचा नाही. दगड तिथेच राहू दे, कुंडीसकट. तोच तुमचा पुरावा. तुम्ही उपटून आणलात तर तो नुसता दगड होईल.” मग माझ्याकडे वळून, “फोटो काढ. कुंपण आणि दगड एकाच फोटोत दिसले पाहिजेत. आणि पाठीमागे तो शेंडा.”

मी फोटो काढले. बांधावर बसून त्याने अर्जाचा मसुदा लिहिला. पावलांनी मोजलेलं सरकारदरबारी चालत नाही, सरकारी मोजणीच मागायला हवी, आणि ती मागताना काय लिहायचं, काय मुळीच लिहायचं नाही, हे तो तिला समजावून सांगत होता. तिने प्रत्येक वाक्य त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. लिहिता-वाचता येत नसलं तरी पाठांतर पक्कं होतं तिचं.

ती आमच्याबरोबरच खाली आली. सुरेखाने पाट मांडला होता. आमच्याकडे वाढदिवसाला कणकेचे दिवे करतात, तिने तांदळाच्या पिठाचे केले होते. नवं भात घरात आलं होतं, पण आधी देवाला दाखवायचं, तोवर ते शिजवायचं नाही, म्हणून खीर जुन्याच तांदळाची. ओवाळताना ठमीबाईने विचारलं, “किती वर्सं झाली सायबांना?”

“साठ.”

“हात् तिच्या. मंग ल्हानच हाय की अजून.”

श्रीकांतने दोन भाकऱ्या आणि तीन वाट्या खीर खाल्ली. दुसऱ्या दिवशी साखर वाढली असणार. मी तपासली नाही.

परत कर्जत

पायथ्याच्या गावात दिवाळीनंतर जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर हवा उत्तम, दुपारी घरात राहावं. वाटाड्या मिळणार नाही. वालाच्या शेंगा मडक्यात भाजून करतात ती पोपटी तेव्हा मिळत नाही, शेंगा भरायला पौष उजाडतो. तांदळाची भाकरी स्वतः करू नये.

गाडीला दोन तास होते, म्हणून नीलाकडे थांबलो. ठमीबाईला घेऊन सोमवारी खालापूरच्या कचेरीत जायचं आणि अर्ज द्यायचा, हे तिने कबूल केलं होतं. श्रीकांत तिला कागद लावून देत होता. कशाच्या किती प्रती, पोच कशी घ्यायची.

“आणि मोजणीची तारीख लागली की मला फोन करा,” तो म्हणाला. “मी येईन. मोजणीवाला वरपर्यंत चढतोय की नाही, ते बघायला माणूस पाहिजे.”

“मोजणी कधी लागते?” मी विचारलं.

“उन्हाळ्यात. पिकं निघालेली असतात, दगड दिसतात. एप्रिल म्हण, मे म्हण.”

“मे महिन्यात इथे काय उकडतं, माहीत आहे का तुला? आणि तो चढ. मी चार महिने वही घेऊन हवा शोधली ती—”

“पहाटे चढायचं. पाणी जास्त घ्यायचं,” तो म्हणाला, आणि नीलाकडे वळला. “मेमध्ये तुमची खोली रिकामी असते ना? एकच खाट पुरे. ही आली नाही तरी मी येणार आहे.”